टँकर लाईनला जाताना: धोकादायक मालासाठी चालकाची पात्रता म्हणजे नेमकं काय

प्रश्न विचारणारे सांगली जिल्ह्यातले चालक आहेत. सहा वर्षं दहाचाकी ट्रकवर साखरेची पोती वाहतात. मालक आता इथेनॉलचा टँकर घेतोय आणि त्यावर यांनाच बसवणार आहे. ‘तीन दिवसांचं एक सर्टिफिकेट लागतं, एजंट घरपोच आणून देईल,’ असं मालकाने सांगितलंय. यांना तीन गोष्टी हव्या आहेत: खरी पात्रता काय लागते, टँकर रिकामा करून परत येतानाही ती लागते का, आणि धाकटा भाऊ छोट्या टेम्पोतून ॲसिडचे कॅन पोचवतो त्याला काही लागू होतं का.

रासायनिक माल वाहणाऱ्या चालकांना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, तळोज्यापासून लोटे-परशुरामपर्यंत. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. एजंटबद्दल आधीच सांगून टाकतो: ते सर्टिफिकेट घेऊ नका. का, ते पुढे येईल.

आधी कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९ तुमच्यासाठी आहे. मानवी जीविताला धोकादायक किंवा घातक असा माल वाहणाऱ्या गाडीचा चालक कसा असावा, हे त्यात लिहिलंय. पहिली अट, त्याच्याकडे ट्रान्सपोर्ट वाहनाचं लायसन्स हवं. ते तुमच्याकडे आहेच. दुसरी, घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी या दोन्ही लिहिता-वाचता यायला हव्यात. तिसरी, राज्य सरकारने मान्यता दिलेल्या संस्थेतून तीन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हवं. हे प्रमाणपत्र आणि लायसन्स घेऊन आरटीओकडे अर्ज करायचा. सारथी पोर्टलवर त्यासाठी वेगळी सेवा आहे, घाटरस्त्याच्या नोंदीची सेवा असते तशीच. आरटीओ तुमच्या लायसन्सवर नोंद करतं, आपण जिला ‘हॅझार्डस एंडोर्समेंट’ म्हणतो ती. ही नोंद झाल्याशिवाय नुसतं प्रमाणपत्र खिशात ठेवून गाडी काढली तर ती बेकायदाच.

या नोंदीची मुदत आधी एकच वर्ष असायची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती तीन वर्षं झाली. साधं ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं, म्हणजे लायसन्सची तारीख बाकी असली तरी धोकादायक मालाची मुदत संपलेली असू शकते. गेटवर गाडी अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवा. नूतनीकरणाआधी उजळणीचा वर्गही करावा लागतो.

इंग्रजीची अट ऐकून बरेच चालक दचकतात. २०१९ मध्ये ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठीची आठवी पासची अट काढली, तेव्हा अनेकांनी समजूत करून घेतली की आता कुठलंच शिक्षण लागत नाही. धोकादायक मालासाठी वाचता-लिहिता येण्याची अट मात्र तशीच आहे, आणि माझ्या मते ती योग्यच आहे. तुम्हाला इंग्रजीत पत्र लिहायचं नाही. टँकरच्या पाटीवर, चलनावर, ड्रमवरच्या लेबलवर मालाचं नाव इंग्रजीत असतं. मिथेनॉल आणि इथेनॉल यांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्यातलं पहिलं घोटभर पोटात गेलं तरी माणूस आंधळा होतो किंवा मरतो. एवढं वाचता यायला हवं. बाराखडी आली की महिनाभरात तेवढं जमतं. माझ्यासमोर पन्नाशीचे चालक शिकले आहेत.

आता ते तीन दिवस. अभ्यासक्रम नियमातच दिलाय. पहिले दोन दिवस गाडी चालवण्याचे: बचावात्मक ड्रायव्हिंग, ब्रेक लागायला लागणारं अंतर, रात्रीची गाडी, उतार, गाडी काढण्याआधीची तपासणी, थांबताना जागा कशी निवडायची, चाकांना अडण कशी लावायची, आणि एकेका चालकाला गाडीवर बसवून घेतलेली चाचणी. यातलं बरंचसं तुम्हाला सहा वर्षांत अंगवळणी पडलं असेल. तिसरा दिवस मालाचा. यूएन वर्गीकरण (धोकादायक मालाचे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले वर्ग आणि क्रमांक), हॅझकेम कोड (आग किंवा गळती झाली तर काय करायचं ते सांगणारी पाटीवरची खूण), ट्रेम कार्ड (त्या मालाच्या अपघातात काय करायचं याचं कार्ड), विषारीपणा, ज्वलनशीलता, तापमान आणि दाबाचा परिणाम, व्हॉल्व्हची माहिती, सांडलेला माल आवरणं, आग, प्रथमोपचार, अंगावरची संरक्षक साधनं, विहिरी-नद्या-तळी वाचवणं. हे सगळं एका दिवसात. मला हा दिवस नेहमीच अपुरा वाटत आलाय. एजंटचं सर्टिफिकेट घेतलं की नेमका हाच दिवस बुडतो, आणि टँकर कलंडल्यावर उपयोगी पडणारा दिवसही हाच असतो.

तुमच्या इथेनॉलचंच उदाहरण घेतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल.

इथेनॉलचा यूएन क्रमांक ११७०, वर्ग ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. त्याचा फ्लॅश पॉइंट साधारण १३ अंश सेल्सिअस. तेवढ्या तापमानापासून वर त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. सांगली-कोल्हापूरकडे ऊसगाळपाच्या हंगामात कडाक्याची पहाट सोडली तर दिवसभर हवा त्याहून गरम असते. इथे पेट्रोलचा टँकर चालवून आलेले जुने चालक फसतात. पेट्रोल फार उडून जाणारं असल्याने बंद टाकीतल्या मोकळ्या जागेत वाफ इतकी दाट होते की तिला पेटायला हवाच पुरत नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असतानाच पेटते. इथेनॉलची ही मर्यादा साधारण ३.३ ते १९ टक्के आहे. आपल्याकडच्या रोजच्या तापमानाला टाकीतली वाफ बरोबर या टप्प्यातच असते. म्हणून मॅनहोल उघडताना, डिप रॉड टाकताना, अर्थिंग न लावता पाइप जोडताना इथेनॉल जास्त सावध राहून हाताळावं लागतं. ‘पेट्रोलला वीस वर्षं काही झालं नाही’ हा अनुभव इथे कामाचा नाही.

पुढचं आगीचं. इथेनॉलची ज्योत फिकट निळी असते, धूर जवळजवळ नसतो. भर उन्हात ती दिसत नाही. आग लागलीय हे कळायच्या आत माणूस तिच्यात पाऊल टाकतो. हवेचं थरथरणं, रंग उकलून फुगणं, गवत काळं पडत जाणं या खुणांवर लक्ष ठेवायचं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच; विझवताना साधा फोम मारला तर ते त्यातलं पाणी ओढून घेतं आणि फोम विरून जातो. अल्कोहोलला टिकणारा वेगळा फोम लागतो. ही गोष्ट तुम्ही अग्निशमन दलाला फोनवरच सांगितली पाहिजे, कारण गाडी निघण्याआधीच त्यांना तो फोम भरायचा असतो.

आणि हे सगळं तुमच्या टँकरच्या पाटीवर चार खुणांत लिहिलेलं असतं. इथेनॉलचा हॅझकेम कोड म्हणजे एक ठळक टिंब, मग २, मग वाय, मग ई. टिंब सांगतं की अल्कोहोलला टिकणारा फोम वापरा. २ म्हणजे पाणी वापरायचं तर बारीक तुषारांत. वाय मध्ये तीन सूचना आहेत: स्फोटासारखी प्रतिक्रिया होऊ शकते, आग लागली तर श्वसनाचं उपकरण हवं, आणि सांडलेला माल अडवा, गटारात किंवा ओढ्यात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवण्याचा विचार करा. रस्त्यावर पाटीकडे पाहून एवढं वाचता आलं तर तुम्ही पात्र झालात असं मी मानतो. बऱ्याच चालकांना ही पाटी म्हणजे आरटीओसाठी रंगवलेला चौकोन वाटतो.

ती पाटी कशी असावी हे नियम १३४ मध्ये आहे: गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे, अशा तीन ठिकाणी. मालाचं बरोबर तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, यूएन क्रमांक १०० मिलिमीटरच्या अंकांत, वर्गाचं चौकटीतलं चिन्ह २५० मिलिमीटरचं, आणि आपत्कालीन सेवेचा व माल पाठवणाऱ्याचा फोन नंबर. गाडी घेताना मोजपट्टी लावा. मागे एका कारखान्याच्या गेटवर मी अशी गाडी पाहिली होती, जिच्या पाटीवरचा नंबर आधीच्या मालकाचा होता. चालकाला ते माहीतही नव्हतं.

आता माझा मुख्य मुद्दा. तुमच्या लायसन्सवर जी नोंद होईल ती सगळ्या वर्गांना सारखीच. त्यात ‘फक्त इथेनॉल’ असं लिहिलेलं नसेल. उद्या मालकाने इथेनॉलचा हंगाम संपल्यावर तुम्हाला दुसऱ्या टँकरवर बसवलं, तर कागदावर तुम्ही पात्रच राहाल. पण ज्ञान मालागणिक बदलतं. सल्फ्युरिक ॲसिड सांडलं आणि तुम्ही इथेनॉलच्या सवयीने त्यावर पाणी ओतलंत तर ते उकळून उसळेल, अंगावर उडेल. एलपीजी हवेपेक्षा जड, ते खड्ड्यात, नाल्यात, पुलाखाली साचतं. शंभर पावलांवर चुलीची ज्योत असेल तरी पुरतं. अमोनिया मुळात हवेपेक्षा हलका, पण टँकरमधून फुटून बाहेर येताना इतका थंड असतो की पांढऱ्या ढगासारखा जमिनीलगत सरकतो. त्यात अडकलात तर तोंडावर ओलं फडकं धरून वाऱ्याला आडवं निघायचं, कारण अमोनिया पाण्यात विरघळतो. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, त्याच्यापासून पळायचं तर उंचाकडे. प्रत्येक नव्या मालासाठी तुम्ही नव्याने पात्र होता. मालकाने नवा माल दिला की ट्रेम कार्ड हातात घ्या, ज्या कंपनीतून माल भरताय तिथल्या सेफ्टीच्या माणसाला दहा मिनिटं मागा, आणि चार प्रश्न विचारा: सांडलं तर काय करू, पेटलं तर काय करू, अंगावर पडलं तर काय करू, वास आला तर कुठे पळू. उत्तरं मिळाल्याशिवाय सील लावू देऊ नका.

‘मी असं विचारलं तर माझी गाडी भरतील का?’ हे चालकांचं नेहमीचं म्हणणं. भरावीच लागेल, कारण कायदा त्यांनाही बांधतो. नियम १३१ माल पाठवणाऱ्यावर जबाबदारी टाकतो: गाडीची नोंदणी आणि परमिट वैध आहे, गाडीत प्रथमोपचार पेटी, सुरक्षा साधनं, अवजारं आणि गरज असेल तिथे विषावरचा उतारा आहे, वाहतूकदाराला मालाची पुरेशी माहिती दिली आहे, आणि चालक प्रशिक्षित आहे, हे त्याने पाहायचं. नियम १३२ प्रमाणे वाहतूकदाराने ती माहिती चालकाला लेखी द्यायची. नियम १३५ तर म्हणतो की चालकाला पुरेशा सूचना आणि प्रशिक्षण मिळालंय, याची माल पाठवणाऱ्याचं समाधान होईल अशी खात्री गाडीच्या मालकाने द्यायची. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा त्यांचंच काम त्यांना करायला लावता. ट्रेम कार्ड मराठीतून मागा. इंग्रजीत असलेलं कार्ड केबिनच्या खणात पडून राहतं आणि वेळेला कोणी उघडत नाही. चांगल्या कंपन्या मराठी, हिंदी, गुजराती तिन्ही भाषांत देतात.

तुमच्या स्वतःच्या जबाबदाऱ्या नियम १३३ मध्ये आहेत. दिलेली लेखी माहिती केबिनमध्ये ठेवायची. आग, स्फोट किंवा गळती होऊ नये म्हणून दिलेल्या सूचना वाटभर पाळायच्या. गाडी थांबवली तर ती आगीच्या आणि इतर धोक्यांपासून सुरक्षित जागी, आणि तुमच्या किंवा अठरा वर्षांवरच्या दुसऱ्या जाणकार माणसाच्या देखरेखीखाली असली पाहिजे. पंधरा वर्षांच्या पोराला क्लीनर म्हणून टँकरपाशी ठेवून धाब्यावर जेवायला जाणं यात बसत नाही. धाब्याचा तंदूर किती लांब आहे हे पाहिल्याशिवाय टँकर लावणंही बसत नाही. आणि अपघात झाला तर नियम १३६ प्रमाणे लगेच जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवायचं.

पळून जायचं नाही, हे इथे मुद्दाम सांगतो. मार बसेल या भीतीने चालक पळतो, हे मला समजतं. पण टँकरमध्ये काय आहे हे सांगू शकणारा त्या जागेवरचा पहिला माणूस तोच असतो. थोडं लांब, वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा, पण फोनवर उपलब्ध राहा.

याचं आपल्याच भागातलं उदाहरण आहे. २९ ऑक्टोबर १९८७ ला पहाटे तीनच्या सुमारास सातारा जिल्ह्यात कवठे गावाजवळ, तेव्हाच्या राष्ट्रीय महामार्ग ४ वर, पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्ता सोडून खाली गेला आणि आडवा झाला. पेट्रोल गळत राहिलं, साचत राहिलं. उजाडलं, लोक जमले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. जमलेल्यांपैकी अनेक भाजले, काही गेले. भरपाईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९१ मध्ये न्यायालयाने ठरवलं की आडवा पडलेला, चालू न शकणारा टँकरही कायद्याच्या भाषेत ‘वापरात’च आहे, त्यामुळे त्या स्फोटाची भरपाई द्यावी लागेल. वकील या निकालाकडे भरपाईसाठी पाहतात. मला त्यातले चार तास दिसतात. टक्कर आणि स्फोट यांच्यामध्ये चार तास होते. त्या वेळात कोणी लोकांना लांब ठेवलं असतं, तर टँकर जळाला असता आणि माणसं वाचली असती.

म्हणून वर्गात मी पहिल्या दहा मिनिटांचा सराव घेतो. इंजिन बंद, बॅटरीचा कट-ऑफ बंद. क्लीनरला रस्त्यावर मागे पाठवायचं, गाड्या थांबवायला. ११२ ला फोन, पण गळतीपासून लांब जाऊन. आधी जागा सांगायची, मग यूएन क्रमांक, मग माल गळतोय की पेटलाय. गळती असेल तर चहूबाजूंनी किमान ५० मीटर मोकळे, टाकीलाच आग लागली असेल तर ८०० मीटर. सांडलेला माल डबक्यातून डब्यात भरून न्यायला लोक येतात, त्यांना लांब राहायला ओरडून सांगायचं. जमलं तर फावड्याने मातीचा बांध घालायचा, ओढ्याच्या बाजूने आधी. व्हॉल्व्ह हाताने बंद होण्यासारखा असेल आणि वारा येतोय त्या बाजूने पोचता येत असेल तरच हात घालायचा. औद्योगिक पट्ट्याजवळ असाल तर तिथल्या कारखान्यांचा परस्पर मदत गट असतो, ‘मार्ग’ नावाने ओळखतात तो; त्यांच्याकडे फोम, श्वसन उपकरणं आणि माल दुसऱ्या टँकरमध्ये उतरवून घ्यायची सोय असते. तुमच्या वाटेवरच्या अशा गटांचे नंबर आधीच फोनमध्ये घ्या.

हे सगळे नियम झाल्यावरचे अपघातही विसरू नका. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं आणि खालून जाणारेही सापडले. चार जण गेले. २० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांकरोटा इथे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकने धडक दिली, व्हॉल्व्ह तुटले, वायू पसरला आणि आसपासच्या गाड्यांसकट पेटला. दोन्ही ठिकाणी पहिली चूक कोणाची, यात मी शिरत नाही. पण टँकरने महामार्गावर वळण कुठे घ्यायचं, पुलाच्या उतारावर कुठल्या गिअरमध्ये असायचं, हे अभ्यासक्रमातलेच विषय आहेत.

गाडी चालवण्याबद्दल एवढंच: पोती हलत नाहीत, द्रव हलतो. अर्ध्या भरलेल्या घागरीसारखा तो ब्रेक मारल्यावर पुढे येतो आणि वळणावर बाहेरच्या बाजूला चढतो. पूर्ण भरलेल्या टँकरपेक्षा अर्धा भरलेला टँकर वळणावर लवकर कलंडतो. दोन ठिकाणी माल उतरवायचा असेल तर कुठला कप्पा आधी रिकामा होणार ते विचारा. टँकर आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी वेगनियंत्रक ताशी ६० किलोमीटरवर लावायचा असतो. तो काढून देणारे मेकॅनिक प्रत्येक नाक्यावर मिळतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. डिझेल वाचवायला आंबा घाटात किंवा खंबाटकीत न्यूट्रलवर सोडायची सवय असेल तर ती ट्रकबरोबरच ठेवून या.

आता रिकाम्या टँकरचं. मोजमापात रिकामा झालेला टँकर आतून रिकामा नसतो. तळाशी थोडा माल असतो आणि बाकी सगळी वाफ. इथेनॉलच्या बाबतीत ती वाफ नेमकी पेटण्याजोग्या प्रमाणात असते, हे वर आलंच. आंतरराष्ट्रीय नियमांतही साफ न केलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीसारखीच धरतात. टाकी धुऊन, वाफ काढून, वायुमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत पाट्या झाकू नका, आणि नोंद असलेलाच चालक बसवा. परतीच्या वाटेवर गळकी पट्टी वेल्डिंग करून घ्यायला गॅरेजला लावलेले रिकामे टँकर फुटून कारागीर गेले आहेत. आणि टाकी धुवायला कोणालाही, क्लीनरलाही, आत उतरवू नका. आत प्राणवायू किती आहे ते यंत्राने मोजून, वर माणूस उभा ठेवून, पट्टा बांधूनच उतरायचं. एक बेशुद्ध पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

भावाच्या टेम्पोबद्दल. इथे मोठा गैरसमज पसरलाय. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचं ट्रान्सपोर्ट वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. टेम्पोवाल्यांनी त्यातलं एवढंच ऐकलं. त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय की ई-रिक्षा, ई-कार्ट आणि धोकादायक माल वाहणारी वाहनं यांच्या विशेष अटी कायम राहतील. म्हणजे भाऊ जर कारखान्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचे कॅन भरून नेत असेल, तर टेम्पो छोटा आहे म्हणून सूट मिळत नाही. त्यालाही तीन दिवसांचा वर्ग आणि नोंद लागेल. खरं सांगायचं तर मला टँकरवाल्यांपेक्षा टेम्पोवाल्यांची जास्त काळजी वाटते. टँकर गेटवर तपासला जातो, पाटी असते, ट्रेम कार्ड असतं. टेम्पोत ॲसिडच्या कॅनशेजारी ब्लीचिंग पावडरची गोणी ठेवलेली मी पाहिली आहे. दोन्ही एकत्र झाले तर क्लोरीन सुटतो, आणि मागे हौदात अनेकदा एखादा पोरगा कॅन धरून बसलेला असतो. भावाला सांगा: कॅन उभेच, दोरीने बांधलेले, ताडपत्री, हातमोजे, चष्मा, आणि धुवायला पन्नास लिटर तरी स्वच्छ पाणी. डोळ्यात ॲसिड गेलं तर पंधरा मिनिटं धुवत राहायचं, मग दवाखाना.

पैशाची बाजू मालकाला कळेल अशी सांगतो, कारण तुम्हाला हे त्यालाच पटवायचंय. धोकादायक मालाच्या तरतुदी मोडून गाडी चालवणाऱ्यालाच नाही, चालवायला लावणाऱ्याला किंवा चालवू देणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(३) लागतं: पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा विमा जास्त महत्त्वाचा. अपघात झाला आणि चालकाच्या लायसन्सवर नोंद नसली, किंवा ती खोट्या प्रमाणपत्रावर झालेली निघाली, तर विमा कंपनी पॉलिसीची अट मोडली म्हणून उभी राहते. न्यायाधिकरण अनेकदा जखमींना कंपनीकडून पैसे द्यायला लावतं आणि ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतं. टँकरच्या एका अपघाताची भरपाई मालकाची शेती विकूनही फिटणार नाही. तीन दिवस चालक सुट्टीवर पाठवणं त्याला स्वस्त आहे, हे आकडा घालून दाखवा.

गाडीचीही पात्रता असते, तिच्याबद्दल थोडक्यात. पेट्रोल, डिझेलसारख्या पेट्रोलियम मालाच्या टाकीला पेसो या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा परवाना लागतो. तिचं मुख्यालय नागपूरला आहे. द्रवरूप वायूंच्या टाक्यांचे नियम वेगळे, २०१६ चे. इथेनॉलच्या टँकरसाठी तेल कंपन्यांच्या डेपोची स्वतःची यादी असते, ती कारखान्याच्या डिस्टिलरीतून आधीच मागवा. एक्झॉस्टला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारं साधन, लागतोच. स्फोटकांच्या व्हॅनला आणि किरणोत्सारी मालाला नियम ९ ची नोंद पुरत नाही, त्यांचे परवाने आणि प्रशिक्षण निराळं. आणि एमआयडीसीतून गाळ किंवा रासायनिक कचरा उचलण्याचं काम मालकाने घेतलं, तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे मॅनिफेस्टचा, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदीचा, कागद वेगळा चालतो; तो माल ‘कचरा’ म्हणून हलका समजू नका.

काही जण युरोपात चालक म्हणून जायची तयारी करताना विचारतात की इथली नोंद तिकडे चालेल का. नाही चालत. तिकडे १९५७ मध्ये जिनिव्हात झालेल्या एडीआर या धोकादायक मालाच्या रस्ते-वाहतुकीच्या करारानुसार परीक्षा देऊन वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते पाच वर्षं चालतं, आणि टँकरचा, स्फोटकांचा व किरणोत्सारी मालाचा अभ्यासक्रम मूळ वर्गाच्या वर स्वतंत्र असतो. आपल्याकडेही टँकरचा भाग असाच वेगळा करावा असं मला फार दिवस वाटतं.

तुमच्यापुरतं आता काय करायचं: आरटीओ कार्यालयात जाऊन मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांची यादी मागा आणि फोन करून दोन गोष्टी विचारा, प्रत्यक्ष गाडीवर चाचणी घेता का, आणि तिसऱ्या दिवशी फोम व श्वसन उपकरण हाताळायला देता का. दोन्हीला ‘हो’ म्हणणारी संस्था जिल्ह्याबाहेर असली तरी तिथेच जा. भावालाही त्याच तुकडीत घ्या. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं, त्याच्या तोंडावर वर्ग भरलेले असतात आणि आरटीओतही गर्दी असते. म्हणून अर्ज सप्टेंबरच्या आत टाका. नोंद झाल्यावर पहिल्या दोन-तीन खेपा इथेनॉलवर मुरलेल्या एखाद्या चालकाशेजारी बसून करा, आणि डेपोत पाइप जोडणं-सोडणं, अर्थिंग, मॅनहोल हे सगळं तुमच्या हाताने, त्याच्या नजरेखाली करा. मालक या खेपांचा पगार द्यायला कुरकुरला, तर त्याला नियम १३५ दाखवा.